दोनशे किलोमीटर आठ तासांत बसतील का?

पत्र:

ताई, नमस्कार. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सुपरवायझर आहे. वय ३८, वजन ७६ किलो. दोन वर्षं हायब्रीड सायकल चालवतोय. गेल्या हिवाळ्यात पहिली २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) केली, कोल्हापुरातून निघून बेळगावच्या अलीकडून परत. ११ तास ४० मिनिटं लागली. सायकलवरच्या गार्मिन मीटरवर अ‍ॅव्हरेज २२.६ दिसतंय. आमच्या ग्रुपमधले दोघं आठ तासांत आले, आणि तेव्हापासून भेटतील तिथं "काय राव, देवदर्शन करत आलास काय?" म्हणून पिडतात. येत्या जानेवारीत मलाही आठ तासांत करायची आहे, म्हणजे २५ चं अ‍ॅव्हरेज. २२.६ वरून २५ म्हणजे काही फार लांब नाही, असं मला वाटतं. कार्बनची रोडबाइक घेऊ का? दीड लाख बाजूला काढलेत. वडील जुने तालमीतले, ते म्हणतात दूध-तूप वाढव. (दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली, तरी सल्ला तोच.) बायको म्हणते, एवढं पळून मिळणार काय? जाता जाता सांगतो, त्या दिवशी नाश्त्याला ४० मिनिटं गेली, जेवणाला ५०, दोन चहांना मिळून ३०, मित्राच्या पंक्चरपायी ३५ आणि फोटोबिटो १५. काय करू सांगा.

उत्तर:

नमस्कार. पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही शेवटी जाता जाता लिहिली आहे. मी तिथूनच सुरू करते.

गार्मिनवरचे २२.६ हे चाकं फिरत होती तेवढ्याच वेळाचं अ‍ॅव्हरेज आहे. तुम्ही नाश्ता करत होता तेव्हा ते यंत्र गप्प बसलं होतं. बीआरएमचं घड्याळ मात्र सुटल्यापासून शेवटच्या ठिकाणी कार्डावर शिक्का बसेपर्यंत चालूच राहतं. २०० ला ११ तास ४० मिनिटांनी भागा, १७.१ येतात. म्हणजे तुम्हाला गाठायचं अंतर २२.६ ते २५ एवढं नाही, १७.१ ते २५ एवढं आहे.

आता तुमचेच आकडे. थांब्यांची बेरीज १७० मिनिटं. तुम्ही ८ तास ५० मिनिटं सायकलवर होता आणि २ तास ५० मिनिटं सायकलवरून खाली. हे थांबे ४० मिनिटांवर आणले आणि पाय होते तसेच चालवले, तरी साडेनऊ तासांत घरी पोचता. अ‍ॅव्हरेज २१. त्यासाठी रुपया खर्च नाही, व्यायाम वाढवायचा नाही. दोन तास दहा मिनिटं वाचवून देणारी सायकल अजून बाजारात यायची आहे. दीड लाखात तर नाहीच येणार.

आठ तासांचं गणित मात्र कडक आहे. थांबे अर्ध्या तासात बसवले तर उरतात साडेसात तास, म्हणजे चालतं अ‍ॅव्हरेज २६.७ पाहिजे. तुमच्या २२.६ पासून हे कागदावर जवळ दिसतं. पण सपाट रस्त्यावर या वेगाला तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते, आणि हवेसाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या हिशेबानं चढते. वेग अठरा टक्के वाढवायचा तर हवेविरुद्धची ताकद साठ टक्क्यांहून जास्त वाढवावी लागते. चार महिन्यांत, पाळ्या सांभाळून, ताठ बसायच्या हायब्रीडवर ती येणार नाही. येते म्हणून कुणी छातीठोक सांगत असेल, तर त्याला तुम्हाला काहीतरी विकायचं आहे.

म्हणून जानेवारीसाठी नऊ तास धरा. थांबे ३५ मिनिटं, चालतं अ‍ॅव्हरेज साधारण २३.८. हे तुमच्या पायांत आहे. आठ तास पुढच्या हिवाळ्यात बघू.

हे ऐकून हिरमोड झाला असेल तर एक उदाहरण देते. नाशिकचे डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली दोघांची टीम करून रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली. सुमारे ४८०० किलोमीटर, आणि वेळ ८ दिवस १५ तासांच्या किंचित आत. एक झोपला की दुसरा चालवणार, म्हणजे चाक जवळपास थांबलंच नाही. तरी एकूण अ‍ॅव्हरेज भरतं ताशी २३ च्या आसपास. लांब पल्ल्याला अ‍ॅव्हरेज हे असं जमतं. ताशी ३५ नं पळालेल्या अर्ध्या तासाची तिथं कुणी नोंदही घेत नाही.

बायकोचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं खरं उत्तर "काही नाही" हेच आहे. २०० च्या बीआरएमला साडेतेरा तासांची मुदत असते. आठ तासांत आलेला आणि तेरा तास एकोणतीस मिनिटांनी आलेला, दोघांचा निकाल एकच. क्रमांक लावत नाहीत, मेडल तेच, आणि तेही बहुतेक वेळा आपणच पैसे भरून घ्यायचं. तेव्हा त्या दोघांच्या टोमण्याला नियमातच जागा नाही. तुम्हाला जोरात चालवायला आवडत असेल तर तेवढं कारण पुरे, आणि घरीही तेच सांगा. तब्येतीचं, शिस्तीचं निमित्त पुढे करू नका, बायका ते ओळखतात. त्यापेक्षा रविवारी पहाटे पावणेपाचला निघून दहाच्या आत घरात आलात आणि आल्यावर सोफ्यावर आडवे झाला नाहीत, तर निम्मा विरोध तिथंच मावळेल. फोनवरचं लाइव्ह लोकेशनही तिला चालू करून द्या. तिची धास्ती हायवेची आहे, आणि ती खोटी नाही.

थांबे कमी करायचे म्हणजे उपाशी पळायचं, असं नाही. कंट्रोल (वाटेतलं शिक्का घ्यायचं ठिकाण) दोन किलोमीटरवर राहिला की बाटलीत उरलेलं पाणी पिऊन टाका. जर्सीच्या मधल्या खिशात एक झिपची पिशवी असू द्या. तिच्यात शिक्क्यांचं ब्रेव्हे कार्ड, पन्नासाच्या दोन-तीन नोटा आणि मापून बांधलेल्या साखर-मिठाच्या पुड्या. सायकल टेकवली की आधी शिक्का, मग बाटल्या भरणं, मग लघवी, की निघालं. खाण्याचं सामान खिशात टाकायचं आणि चावायचं ते सायकल चालायला लागल्यावर. हेल्मेट आणि हातमोजे काढायचे नाहीत. हेल्मेट डोक्यावरून उतरलं की माणूस खुर्ची शोधायला लागतो, खुर्ची मिळाली की फोन निघतो, आणि फोन निघाला की वीस मिनिटं गेलीच म्हणून समजा. असे तीन थांबे सहा-सात मिनिटांचे करा आणि एकदाच, परतीच्या टोकाला, पंधरा मिनिटं नीट बसून इडली नाहीतर दहीभात खा. झाली ३५ मिनिटं. याचा सराव रविवारच्या राइडमध्येच करायचा. चुये फाट्यावर नेहमीचा अर्धा तास चहा मारून बीआरएमच्या दिवशी एकदम शहाणपण येत नाही.

पंक्चरच्या ३५ मिनिटांबद्दल जरा थांबून बोलायला हवं. मित्रासाठी थांबलात, चांगलं केलंत. पण तुम्ही किती जण थांबला होता? पाच जण गोल करून उभे आणि एकच जण टायर लिव्हर लावतोय, हे दृश्य आपल्याकडे दर बीआरएमला दिसतं. निघायच्या आधीच ग्रुपमध्ये ठरवून टाका: अंधार असेल, कुणी पडलं असेल किंवा कुणाला बरं वाटत नसेल तर सगळे थांबणार. उजाडल्यावरच्या साध्या पंक्चरला एक जण थांबणार, बाकीचे पुढे. प्रत्येकाकडे दोन ट्यूब आणि पंप हवाच, आणि ट्यूब बदलता येत नाही त्यानं आठवडाभर घरी मागचं चाक काढून घालून बघायचं. आधी ठरलेलं असलं की मग पुढे गेलेल्याला कुणी स्वार्थी म्हणत नाही. आयत्या वेळी ठरवायला गेलात की वर्षभर धुसफूस चालते.

आता रस्ता. कावळा नाक्यापासून कागलपर्यंत सगळेच राजे असतात. पहाटेची थंडी, ताजे पाय, पुढे कुणाचा तरी लाल दिवा लुकलुकतोय. वेग नकळत ताशी तीसच्या वर जातो. तिथं मिळवलेली चार मिनिटं परतीला संकेश्वर ते निपाणी या टप्प्यात वीस मिनिटं होऊन फिटतात. पहिला तास इतक्या वेगानं चालवा, की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर तुम्ही उद्याची मजुरी आज खर्च करताय.

दूधगंगा ओलांडली की कोगनोळीचा टोल, मग निपाणी आणि त्यापुढे तवंदी घाट. घाट मोठा नाही, पण अ‍ॅव्हरेजची मेख तिथंच कळते. समजा, दहा किलोमीटर चढ ताशी १५ नं चढलात आणि तोच दहा किलोमीटर उतार ताशी ४५ नं उतरलात. अ‍ॅव्हरेज किती? तीस म्हणाल. प्रत्यक्षात साडेबावीस, कारण चढाला ४० मिनिटं गेली आणि उताराला तेराच. हळू चाललेला वेळच जास्त असतो, तो पुढच्या पळण्यानं भरून निघत नाही. यातून दोन गोष्टी निघतात. ताकद थोडी जास्त लावायची ती चढाला आणि समोरच्या वाऱ्याला, आणि उतारावर पाय सोडून पाणी प्यायचं, खायचं. उताराला ४५ चे ५० करण्यात जीव धोक्यात घालून मिनिट-सव्वा मिनिटच पदरात पडतं. पण "थोडी जास्त" म्हणजे थोडीच. तवंदीत दात-ओठ खाऊन दोघातिघांना मागे टाकलंत तर संकेश्वरापर्यंत तेच तुम्हाला हसत हसत ओलांडून जातील.

वाऱ्याला उपाय माणसांचा. तुमच्याच वेगाचे तीन-चार जण गाठा आणि रांगेत चला. मागच्याला हवेचा भार पाव ते एक-तृतीयांश कमी लागतो, आणि बीआरएममध्ये एकमेकांच्या मागे चालवायला बंदी नाही. पुढे असणाऱ्यानं दर पाच मिनिटांनी बाजूला होऊन मागे यायचं. खड्डा हातानं दाखवायचा, ब्रेक मारायच्या आधी ओरडायचं. आठ तासांत आलेले तुमचे ते दोघं बहुतेक असेच एकमेकांच्या आडोशानं आलेत, विचारून बघा.

आडोसा माणसांचाच घ्या. जानेवारीत ऊस हंगाम भरात असतो, आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर बरोबर तुमच्या वेगानं, ताशी पंचवीसनं चाललेला असतो. त्याच्या मागे हवाच लागत नाही, म्हणून आपली पोरं तिथं चिकटतात, काही महाभाग ट्रॉलीला हातही लावतात. मागची ट्रॉली हिंदकळते, उसाची कांडी रस्त्यावर पडतात, आणि ब्रेक लागल्याचं तुम्हाला कळायला मागे धड दिवा नसतो. पहाटे तर उभी असलेली ट्रॉलीसुद्धा वीस पावलांवर येईपर्यंत दिसत नाही. पुढचा दिवा लखलखीत हवा, मागे दोन लाल दिवे, एक सीटपोस्टला आणि एक हेल्मेटला, आणि अंगात रिफ्लेक्टिव्ह जॅकेट. नऊ तास हुकले तरी चालतील, हे हुकवू नका.

तयारीसाठी आठवड्यातून तीन दिवस पुरे. दोन दिवस सव्वा-सव्वा तास, आणि रविवारी लांब. दोनपैकी एका दिवशी जोर काढायचा: वाघबीळपासून पन्हाळ्याचा चढ असा चढा, की बोलणं तुकड्यातुकड्यात व्हावं, खाली या, दम खा, पुन्हा चढा. सपाटीवर करायचं असेल तर पंधरा मिनिटांचे दोन जोर, मध्ये पाच मिनिटं हलकं. दुसरा दिवस अगदी सोपा. लोक सोप्या दिवशी जास्त पळतात आणि जोराच्या दिवशी दमलेले असतात, म्हणून वर्षानुवर्षं त्याच वेगावर अडकतात. रविवारी राधानगरी आणि परत, साधारण शंभर किलोमीटर. महिन्यातून एकदा दीडशे. दर चौथा आठवडा निम्मा करा आणि बीआरएमच्या आधीचा आठवडाही निम्माच. रात्रपाळी उतरून थेट हायवेला लागायचं नाही. भट्टीपुढे रात्र काढलेल्या माणसाला डुलकी बसल्या जागी लागते, सायकलवर तर विचारूच नका. त्या दिवशी झोपा, तोही सरावच.

खाण्याचं थोडक्यात. तासाला ५० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत, पहिल्या तासापासून, भूक लागायची वाट न बघता. ७०० मिलिलिटरच्या बाटलीत ६० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ आणि लिंबू. तासाला अर्धी बाटली आणि एक केळं, हिशेब बसतो. केळ्याचा कंटाळा आला तर खजूर, गुळाचा खडा, मीठ लावलेला उकडलेला बटाटा. त्यावर साधं पाणी तहानेनुसार. कटवडा, मिसळ, भजी यांतलं तेल पोटात तासन्‌तास बसून राहतं आणि पाय जड होतात, म्हणून ते परत आल्यावर. आदल्या रात्री तांबडा-पांढराही नको. वडिलांचं दूध-तूप पैलवानाला ठीक होतं, सायकलवर सकाळी पाचला तूप म्हणजे कागलला आंबट ढेकर. त्यांना दुखवू नका, बीआरएमनंतरच्या संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर त्यांच्यासोबत उभं राहून एक पेला घ्या.

आणि वडिलांचा विषय निघालाच आहे तर, अँजिओप्लास्टी तुम्ही कंसात टाकली आहे. ती कंसातली गोष्ट नाही. अडतिशीत, वडिलांना हृदयविकार असताना, तासन्‌तास नाडी चढती ठेवण्याआधी डॉक्टरांना भेटा, सगळं सांगा आणि ते म्हणतील त्या तपासण्या करून घ्या. सराव सुरू करायच्या आधी, डिसेंबरात नव्हे. सायकलवर छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी असं काही झालं तर त्याच जागी उतरायचं. गुडघा किंवा पाठ धरली म्हणून पेनकिलर खाऊन पुढे रेटायचं नाही. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्यातल्या बऱ्याच गोळ्या मूत्रपिंडाला बाधतात.

राहिली कार्बनची सायकल. यंदा घेऊ नका. हायब्रीडचे खडबडीत टायर काढून चांगले गुळगुळीत ३२ मिलिमीटर रुंदीचे टायर टाका (रिमला बसतात का, ते आधी दुकानात विचारा) आणि हवा दगडासारखी मारू नका, आपल्या रस्त्यावर ती हादरे देते आणि वेगही खाते. चेन धुऊन लूब करा. फडफडणारा टी-शर्ट सोडून अंगाला बसणारी जर्सी घाला. हँडल जरा खाली घेऊन कोपर वाकवून बसायची सवय करा, पण पाठ बोलायला लागली तर परत वर. सीटची उंची कुणा जाणकाराकडून लावून घ्या. हे सगळं दहा-बारा हजारांत होतं आणि २३.८ ला पुरतं. जानेवारीनंतर दीडशेच्या राइडला थांबे धरून २३ चं अ‍ॅव्हरेज सहज यायला लागलं, तर रोडबाइक घ्या. तेव्हा फ्रेम कार्बनची की अ‍ॅल्युमिनिअमची याआधी दुकानदाराला तुमच्या मापाची आहे का, तेवढं विचारा. माप चुकलेली दीड लाखाची सायकल शंभर किलोमीटरनंतर तुम्हाला दर दहा किलोमीटरला उतरवून कंबर सरळ करायला लावेल, आणि मग थांब्यांची बेरीज पुन्हा १७० वर.